तानूबाईच्या मापाची शेड

“ताठ उभी राहा, तानू. टाचा चौकटीला टेकव. मान वर.”

तानूबाई व्हरांड्याच्या दाराला पाठ लावून उभी होती. फोटो काढायला उभं राहावं तशी, श्वास रोखून, समोर बघत. टेपचं खालचं टोक तिच्या टाचेपाशी धरून मी जमिनीवर बसले होते. मामंजींनी तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी ठेवली, पेन्सिलीने चौकटीवर रेघ मारली आणि म्हणाले, “सरक आता. सूनबाई, वाच.”

“चार फूट अकरा.”

“अंबाडा धरून की सोडून?”

“अंबाडा मागे असतो मामंजी, डोक्यावर नसतो.”

“मग लिही.”

मी लिहिलं. तानूबाईने अडवलेला श्वास सोडला आणि विचारलं, “नानासाब, माप कशापायी घेताय?”

“बागेत शेड करायची आहे. लाकडी.”

“माझ्या मापाची?”

“तुझ्याच मापाची,” मामंजी म्हणाले आणि वही घेऊन आत गेले.

तानूबाईने पदर तोंडाला लावला आणि हसली. वीस वर्षं ती आमच्या बागेत राबत होती. त्या घरात तिचं कुणी कशासाठीही माप घेतलं नव्हतं. “वयनी, ऐकलंसा का?” ती म्हणाली. “माझ्या मापाची म्हनत्यात.”

मी ऐकलं होतं. मलाही वाटलं की सत्तरी उलटल्यावर म्हाताऱ्याला थोडी माणुसकी सुचली असावी. त्या माणसाबद्दल मी आयुष्यात एकदाच चांगला विचार केला आणि तोही चुकीचा निघाला.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमधली. आमचा बंगला साताऱ्याला, किल्ल्याच्या पायथ्याशी. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात मामंजी, माझा नवरा मुकुंद आणि मी. मी मुलींच्या शाळेत नववी-दहावीला गणित शिकवत असे. घरात त्याचा उल्लेख ‘ती पोरींना शिकवायला जाते’ असा व्हायचा, जणू मी तिथे भोंडल्याची गाणी शिकवत होते.

तानूबाई खिंडीपलीकडच्या वाडीतून रोज चालत यायची. सकाळी आठला आली की संध्याकाळी पाचला जायची. साठीला आलेली विधवा बाई. मुलगी लग्न होऊन कऱ्हाडला गेलेली. त्या वर्षी उन्हाचा तडाखा लवकर सुरू झाला आणि तानूबाई दोनदा चक्कर येऊन पडली. एकदा गुलाबाच्या वाफ्यात, एकदा हौदापाशी. हौदाची कड दोन इंच पुढे असती तर डोकंच फुटलं असतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, दुपारी तासभर पाय लांब करून आडवं व्हायचं, नाहीतर काम सोडायचं. काम सोडलं तर खायचं काय, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं.

आता आडवं व्हायचं कुठे? चिकूखाली तांबड्या मुंग्या. शिवाय कुंपणापलीकडे रस्ता, दिवसभर माणसं जाणार-येणार. “बाईमाणसानं उघड्यावर कसं पडायचं, वयनी?” तानूबाई म्हणायची. व्हरांडा मामंजींचा. तिथे त्यांच्या आरामखुर्चीशिवाय कुणी आडवं होत नसे. माझं स्वयंपाकघर चांगलं बारा बाय चौदाचं होतं आणि दुपारी रिकामं असायचं. पण ते मला सुचलं नाही. सुचलं नाही हे खोटं आहे. सुचलं होतं. पण मामंजी काय म्हणतील, मुकुंद काय म्हणेल, असं करत मी ते मागे टाकलं आणि त्याऐवजी तिला म्हणाले, “शेड होतेय ना बागेत. अवजारं भिंतीला टांगू, खाली जागा राहील. त्यात पडत जा.”

“पडू देतील?”

“मी आहे ना.”

किती सहज म्हणाले मी ते.

शेड कशाला हवी होती? अवजारं आतापर्यंत जिन्याखाली असायची. तिथे मामंजींनी नवी फरशी बसवली आणि फावड्यांचा चिखल त्यांना खुपायला लागला. मग विटांची खोली का नको? तर विटांची खोली म्हटली की घरपट्टी आली, घरपट्टीची पावती आली, आणि पावती म्हणजे पुरावा. कशाचा पुरावा? तर कुळाचा.

आमच्या सासरच्या घराला एकच दुखणं होतं आणि ते पिढीजात होतं. कोरेगावकडची बावीस एकर जमीन त्यांची कूळकायद्यात गेली. एक एप्रिल सत्तावन्नला कसेल त्याची जमीन झाली आणि यांच्यापैकी कुणी कधी बांधावरसुद्धा उभं राहिलं नव्हतं. तेव्हापासून एक एप्रिलला आमच्या घरी गोड करत नसत. श्राद्ध नाही, पण श्राद्धापेक्षा कमीही नाही. मामंजी त्या दिवशी जेवताना एकच कथा सांगायचे. त्यांच्या कुळाने आधी पावसाळ्यापुरती राखणीला खोपी घालायची परवानगी मागितली. वडिलांनी दिली. मग खोपीत चूल आली. “आधी खोपी, मग चूल, मग सातबारा,” असं म्हणून मामंजी ताटावरून उठायचे. ते कूळ तीस वर्षं ती जमीन कसत होतं, हा भाग कथेत येत नसे.

मी एकदा म्हणाले होते की हा कायदा शेतजमिनीचा आहे, बंगल्याच्या बागेला कूळ लागत नाही. त्यांच्या वकिलानेही तेच सांगितलं होतं. मामंजी म्हणाले, “वकिलाची जमीन गेली नव्हती.” दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे ठीक आहे. आमचे मामंजी पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

तर लाकडी शेड. माझे धाकटे दीर वसंत भाऊजी पुण्याला सरकारी खात्यात इंजिनिअर होते. त्यांच्या कुणा मित्राने विलायतेहून एक रंगीत पुस्तक पाठवलं होतं, बागेत ठेवायच्या लाकडी शेडचं. शंभरेक पानं. तिकडचे लोक फावडं ठेवायला जे बांधतात, त्यात आमच्याकडे चार माणसांचा संसार झाला असता. खिडक्यांना पडदे काय, दाराशी फुलांच्या कुंड्या काय! मामंजी अकरा दिवस ते पुस्तक भिंग घेऊन बघत होते.

लोक घर निवडताना वारा येतो का, उजेड येतो का, बघतात. मामंजींची निवड उलटी. पान उलटलं की म्हणायचे, “खिडकी आहे. नको. खिडकी म्हणजे घर.” पुढचं पान. “पुढे ओटा काढलाय. ओट्यावर माणूस बसतो. नको.” पुढचं. “छप्पर उंच. माणूस उभा राहील.” एका पानावर तर शेडच्या दारात मांजर बसलेलं होतं. मामंजींनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “मांजराला जिथे बरं वाटतं तिथे माणसालाही वाटतं.” पान उलटलं. मी शेजारी शाळेच्या वह्या तपासत होते. नववीच्या पोरी सुद्धा इतकं डोकं चुकीच्या दिशेने चालवत नसत.

तोवर मला मापाचं काही कळलं नव्हतं. कळलं ते पुढच्या रविवारी.

त्या रविवारी भाऊजी पुण्याहून आले. शेडचा निर्णय व्हायचा म्हणून खास. कोंडिबा सुतारालाही बोलावलं होतं. कोंडिबा व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता, कानाला पेन्सिल, तळहातावर तंबाखू. मामंजी खुर्चीत, भाऊजी त्यांच्या शेजारी मोठा कागद पसरून. मुकुंद वर्तमानपत्र वाचत होता. या गोष्टीतलं त्याचं काम एवढंच आहे.

मी दारात उभी राहिले. मी ठरवून आले होते. सहा बाय सहाची करा असं सांगायचं, म्हणजे तानूबाईला दुपारी पडता येईल. रात्रभर वाक्य जुळवलं होतं.

कोंडिबा म्हणाला, “लाकूड जांभळाचं घालू, नाना. पाण्याला हटत न्हाय. वर कौलं घालू. गार राहतंय.”

“कौलं नकोत. पत्रा.”

“पत्रा तापतोय. उन्हाळ्यात आत थांबायची सोय न्हाय.”

“म्हणूनच पत्रा.”

कोंडिबाने तंबाखू चोळायची थांबवली आणि मामंजींकडे बघितलं. मग पुन्हा चोळायला लागला. “बरं. फावड्याला काय ऊन लागत न्हाय,” तो म्हणाला. “आन मापं?”

मामंजींनी वही उघडली. “ती तानू आहे चार फूट अकरा. उंची साडेचार ठेव, म्हणजे उभं राहता येणार नाही. लांबी साडेचार, रुंदी साडेचार. म्हणजे आडवंही होता येणार नाही. काय वसंता?”

“परफेक्ट,” भाऊजी म्हणाले. “पाच इंच कमी पडतात. कुठल्याही बाजूने.”

मी दारातच होते. माझ्या हातात जुळवलेलं वाक्य होतं आणि ते आता कुठे ठेवावं कळेना. टेपचं टोक मीच धरलं होतं, आकडा मीच लिहिला होता. मी म्हणाले, “मामंजी, तिला डॉक्टरांनी दुपारी—”

“तेच तर,” मामंजी म्हणाले. “आज दुपारी पडेल. उद्या पावसात रात्रीची राहील. परवा चूल. सूनबाई, चहा टाक.”

मी आत गेले. चहाचं आधण ठेवलं आणि इतकी चिडले होते की साखर दोनदा घातली. साडेचार बाय साडेचार! बाईला मोजून तिच्यापेक्षा पाच इंच कमी जागा बांधणारी माणसं! त्या चित्रातलं मांजर तरी बरं. आणि तो इंजिनिअर, सरकारचे पूल बांधणारा, म्हणतोय कुठल्याही बाजूने.

कुठल्याही बाजूने.

मी चमचा खाली ठेवला. ओट्यावर चपात्यांचं पीठ सांडलं होतं, त्यात बोटाने चौकोन काढला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. साडेचारचा वर्ग सव्वावीस. दोन बाजूंचे मिळून साडेचाळीस. त्याचं वर्गमूळ सहा फूट चार इंच. नववीचं गणित. तानूबाई तिरकी झोपली तर पाय लांब करून वर जवळजवळ दीड फूट जागा उरत होती.

मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. बापलेकांनी अकरा दिवस भिंग घेऊन, पुण्याहून तिकीट काढून, माणूस मावणार नाही अशी शेड शोधून काढली होती आणि तीत माणूस ऐसपैस मावत होता! मला फक्त गप्प बसायचं होतं. शेड झाल्यावर तानूबाईला हळूच सांगायचं, कोपऱ्यात डोकं कर आणि समोरच्या कोपऱ्यात पाय. दार आतून लाव. झालं काम. मी पीठ पुसलं, कप भरले आणि इतक्या आनंदाने चहा घेऊन गेले की मुकुंदने सुद्धा वर्तमानपत्रातून डोकं काढून माझ्याकडे बघितलं.

भाऊजी कागदावर रेघा मारून मामंजींना समजावत होते. कोंडिबा ऐकत होता. मी कप ठेवले. मला निघून जायला हवं होतं. पण त्या मूर्खांचं तोंड बघायची मजा मला सोडवेना. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि बहुधा हसत असेन.

“वहिनी, का हसताय?” भाऊजी म्हणाले.

“काही नाही.”

“नाही, काहीतरी आहे. नाना, वहिनींना ड्रॉइंग पसंत दिसत नाही.”

“पसंत आहे हो. करा तुम्ही.”

भाऊजींनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “बापरे, साखर! वहिनी, तुम्ही आधी चहातली साखर मोजायला शिका. हे मोजायचं आम्ही बघतो. हे पोरींच्या भूमितीच्या पुस्तकातलं नाही.”

मामंजी हसले. मुकुंद हसला. माझा नवरा, जो दुकानदाराने परत दिलेले सुटे पैसेही मला मोजायला द्यायचा, तो हसला.

“पोरींच्या भूमितीच्या पुस्तकातलंच आहे,” मी म्हणाले. “पान एकोणचाळीस. साडेचार बाय साडेचारचा कर्ण सहा फूट चार इंच होतो, भाऊजी. तानूबाई तिरकी झोपली तर तुमचे पाच इंच कुठे गेले?”

भाऊजींनी कागदाकडे बघितलं. पेन्सिल उचलली, एक तिरकी रेघ मारली, ओठ हलवत आकडेमोड केली. त्यांचे कान लाल झाले. ते कान मी आजही आठवते आणि खरं सांगायचं तर आजही मला बरं वाटतं.

“मग साडेतीन करू,” ते म्हणाले. “साडेतीनला तिरकी सुद्धा—”

“साडेतीनचा कर्ण चार फूट साडेअकरा इंच,” मी म्हणाले. कागद नाही, पेन्सिल नाही. “अर्ध्या इंचाने झोपते ती. पुन्हा मोजा.”

मला थांबता येत नव्हतं. कोंडिबा माझ्याकडे बघत होता आणि मान अगदी थोडी हलवत होता. मला वाटलं, वाहवा करतोय.

“मग तीन,” मामंजी म्हणाले.

“तीनला सव्वाचार फूट. तीनला नाही झोपता येणार,” मी म्हणाले. विद्यार्थ्याने शेवटी बरोबर उत्तर दिल्यावर म्हणतात तसं.

“पण नाना, तीन बाय तीन म्हणजे हे कपाट झालं,” भाऊजी पुटपुटले.

“कपाटाला कूळ लागत नाही,” मामंजी म्हणाले आणि खुर्चीतून उठले. माझ्या लग्नानंतरच्या आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “शाबास सूनबाई! आज तू होतीस म्हणून. नाहीतर या इंजिनिअराने घातलं असतं आपल्याला पुन्हा खड्ड्यात.”

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. म्हणजे तोंडातून शब्द गेल्यावर, कान लाल झालेले बघून झाल्यावर, शाबासकी घेऊन झाल्यावर. मी म्हणाले, “मामंजी, तीन फारच लहान होईल, अवजारं—” पण ते ऐकत नव्हते. अवजारं उभी राहतील, उंची पाच करू, तीन फुटांत उभं राहून कोण झोपतंय, असं म्हणत ते कोंडिबाला मापं लिहून देत होते.

कोंडिबा जायला निघाला तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. काहीतरी करता येईल का, चुकून चार फूट करता येईल का, असं विचारायचं होतं. त्याने मला बोलूच दिलं नाही.

“वयनी, तुमी शिकलेल्या,” तो म्हणाला. “आमी कुठलीबी चौकट केली की कोपऱ्यातनं कोपऱ्यात दोरी धरतो. दोन्ही दोऱ्या सारख्या भरल्या तर चौकट गुण्यात, म्हंजी काटकोनात हाय म्हनायचं. तीस वरसं झाली हेच करतोय.” त्याने तंबाखूची पिचकारी रस्त्यावर टाकली. “साडेचारात ती तिरकी मावती हे मला ठावं नव्हतं व्हय? म्हून तर गप बसलो हुतो.”

मी चार फुटांचं विचारलं. तो म्हणाला, “आता म्हातारा टेप घेऊन उभा राहनार. तुमीच शिकीवलं त्याला.”

शेड कोंडिबाच्या दुकानात बारा दिवसांत झाली आणि गाडीवरून बंगल्यावर आली. जांभळाच्या फळ्या, वर पत्रा, बाहेरून हिरवा तेलरंग. चार दगडांवर चिकूच्या पलीकडे उभी केली. तीन बाय तीन, उंची पाच. लांबून बघितलं तर बरी दिसायची. मी त्या बारा दिवसांत तानूबाईला काही सांगितलं नाही. शाळेच्या परीक्षा होत्या. परीक्षा खरंच होत्या.

शेड दगडांवर चढवली त्या सकाळी तानूबाई नारळ घेऊन आली. अंगावर धुवट लुगडं, हातात हळदीकुंकवाची पुडी. वाडीत चार जणींना सांगून आली होती, की बंगल्यावर माझ्या मापाची खोली केलीय. मामंजी व्हरांड्यातून खाली आले. नारळ फोडायला त्यांची हरकत नव्हती. नारळाने कूळ लागत नसावं.

तानूबाईने उंबऱ्याच्या फळीला हळदकुंकू लावलं, कडी काढली आणि दार उघडलं. आत बघितलं. मग बाहेरून एक फेरी मारली, मागे आणखी काही आहे का बघायला. पुन्हा दारात आली. आत वाकून एक हात या भिंतीला आणि दुसरा त्या भिंतीला लावला. दोन्ही कोपर वाकलेले होते.

“वयनी, ह्यात म्या कशी मावायची?” तिने मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत मामंजी बोलले. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट कौतुकच होतं. “अगं, आधी मोठी होणार होती. साडेचारची. पण आमच्या सूनबाईंनी हिशोब करून दाखवला, की तीत माणूस तिरका झोपू शकतो. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. इंजिनिअरच्या सुद्धा नाही! मग तीनची केली.”

तानूबाई माझ्याकडे बघत राहिली. तिला कर्ण कळत नव्हता, वर्गमूळ कळत नव्हतं. तेवढं सोडून सगळं तिला कळलं.

“म्या आडवी व्हऊ नये म्हून?” ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती हलवली की नाही, आठवत नाही.

“आवो, मग तोंडानं म्हनायचं,” ती मामंजींकडे वळून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तानू, झोपू नगंस म्हनायचं. म्या झोपले नसते. वीस वरसांत तुमचा शबूद कदी मोडलाय का, नानासाब? त्यापायी येवढं लाकूड कशाला नासलं?”

“तसं नाही गं. कायद्याच्या गोष्टी असतात,” मामंजी म्हणाले. “तुला नाही कळायच्या.”

तिने दगडावर नारळ फोडला. पहिला तुकडा मामंजींना दिला, दुसरा मला. “घ्या,” म्हणाली. वयनी म्हणाली नाही. दिवसभर तिने काम केलं, झाडांना पाणी घातलं, पाच वाजता फावडं, खुरपं, कात्री धुऊन शेडमध्ये नीट उभी केली, कडी लावली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरही आली नाही.

घरात मात्र माझे दिवस बदलले. मामंजी आल्यागेल्याला शेड दाखवायचे आणि माझी गोष्ट सांगायचे. बँकेचे कागद, दुरुस्तीची कामं, सगळं ‘सूनबाईला विचारा’ असं झालं. मुकुंद चारचौघांत माझ्या गणिताबद्दल बोलायला लागला. आठ वर्षं मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. मला ते आवडलं नाही असं म्हणायला मी मोकळी आहे, पण ते खरं नाही.

मेच्या मध्यावर गुलाब जळायला लागले. नवा माळी दुप्पट मजुरी मागत होता. मामंजी म्हणाले, “सूनबाई, तू जाऊन तानूला घेऊन ये. तुझं ऐकेल.” मी गेले. वाटेत ठरवलं, की तिला सांगायचं, माझ्या स्वयंपाकघरात पडत जा, मी बघते कोण काय म्हणतं ते. खिंड चढताना डोक्यावर ऊन आग ओकत होतं आणि माझ्या मनात एकच हिशोब फिरत होता. ही माणसं मूर्ख आहेत म्हणून मी आठ वर्षं त्यांना तुच्छ लेखलं होतं. तानूबाईसाठी त्या घरात जी काय जागा होती ती त्यांच्या मूर्खपणातच होती. ती मी हुशारीने काढून घेतली होती.

तानूबाईचं घर एक खणाचं. ती दारातच बसली होती, चुलीवर चहा उकळत होता. तिने मला बघितलं आणि उठून पाण्याचा तांब्या दिला.

“तानूबाई, परत ये,” मी म्हणाले. “दुपारी माझ्या स्वयंपाकघरात पडत जा. मी सांगते त्यांना.”

“आदी सांगायचं व्हतं, वयनी,” ती म्हणाली. “आता म्या उसाच्या भांगलणीला जाती. पाटलाच्या रानात.”

“उन्हात?”

“रान सावलीत नसतंय.”

“आणि चक्कर?”

“येती कदीमदी. बायका बसवत्यात बांधावर.”

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझं तोंड लाल झालं असणार, पायात गोळे आले होते. तिने कोपऱ्यातलं घोंगडं काढलं, झटकलं आणि भिंतीकडेला अंथरलं. सहा फूट तरी असेल.

“आडव्या व्हा घटकाभर,” ती म्हणाली. “येवढ्या उनाचं परत कुठं जाताय? मला जायाला पायजे, दोनला मुकादम हजेरी घेतो. जाताना कडी वडून घ्या.”

तिने खुरपं कमरेला खोचलं, डोक्याला फडकं बांधलं आणि निघाली. मी नको म्हणायला हवं होतं. तिच्याबरोबर निदान रानापर्यंत जायला हवं होतं. पण घर गार होतं, जमीन शेणाने सारवलेली होती, आणि मी फार दमले होते. मी आडवी झाले, पाय लांब केले आणि मला झोप लागली.

उठले तेव्हा चार वाजून गेले होते. तानूबाई अजून रानातच होती.